बाराव्या तासाचा हिशेब

आपल्या शहराजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत माझ्या एका वर्गमित्राचं प्रेसशॉप आहे. पत्र्याचे लहान भाग ठोकून तो मोठ्या कंपन्यांना पुरवतो. माणूस सज्जन, पगार वेळेवर करणारा. पण अलीकडे भेटला की गाडी एकाच विषयावर येते. "लोकांना काम नको झालंय रे. मला बारा तास चालवू दे, मग बघ माल कसा निघतो ते."

हे त्याचं एकट्याचं मत असतं तर चहाबरोबर विरून गेलं असतं. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायचा सल्ला दिला. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचा आकडा ९० वर गेला, आणि रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार, असंही ते विचारून बसले. त्याच वर्षी सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यातल्या रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ वर आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ वर न्यायला मंजुरी दिली. मित्र त्या दिवशी खुशीत होता. मला त्यानं मिसळ खिलवली.

त्या मिसळीला जागून त्याचं म्हणणं आधी नीट मांडतो. एक, जास्त तास म्हणजे जास्त माल. दोन, जास्त तास कामगारालाच हवेत, तो स्वतःहून ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, मागतो. तीन, फुरसत ही श्रीमंत देशांची चैन आहे. आधी यंत्रं येऊ देत, भरभराट होऊ दे, सुट्या मागाहून आपोआप मिळतील. मला ही तिन्ही कलमं चुकीची वाटतात, आणि तिन्हींतली चूक एकाच मुळातून आलेली दिसते. तंत्र काय ठरवतं आणि माणसं काय ठरवतात, याची त्यात गल्लत आहे.

पहिल्या कलमाचं उत्तर मला मित्राच्याच शॉपमध्ये मिळालं. एका रात्रपाळीला मी तिथं नुसता बघत उभा होतो. एका प्रेसची डाय बदलायची होती. जुनी डाय उतरवायला चेनपुली हवी, ती पलीकडच्या प्रेसवर अडकलेली. क्लॅम्पचे बोल्ट तीन मापांचे, म्हणून पाने तीन, आणि त्यातला एक पाना दिवसपाळीवाल्यानं कुठं ठेवला ते कुणालाच ठाऊक नाही. नवी डाय चढली तर उंची जुळेना. खाली पत्र्याच्या पट्ट्या सरकवून सेटरनं ती जमवली. पहिला तुकडा कडेला फाटला, दुसऱ्याला बर आली, पाचवा तुकडा तपासणीत पास झाला. या सगळ्यात सव्वा तास गेला. तेवढा वेळ ऑपरेटर उलट्या क्रेटवर बसून होता. तो आळशी नव्हता. त्याच्यासमोरचं यंत्र बंद होतं.

आता सांगा, त्या माणसाला आणखी तीन तास थांबवून काय निघालं असतं? प्रेस मिनिटाला ठरलेलेच ठोके मारते. ओळीत सहा यंत्रं असतील तर सगळ्यात मंद यंत्राइतकाच माल शेवटी बाहेर पडतो. बैलजोडीत मंद बैल ठरवतो की औत किती चालणार. एका तासातून किती माल निघू शकतो याची वरची मर्यादा यंत्र, डाय, वीज, कच्चा माल आणि कामाची मांडणी मिळून घालतात. त्या मर्यादेच्या आत माणूस कमीजास्त करू शकतो, ती ओलांडू शकत नाही. ती हलवायची तर तंत्र बदलावं लागतं, आणि तंत्र म्हणजे दर वेळी कोट्यवधींचा रोबोच असं नाही. सगळे बोल्ट एका मापाचे करणं हेही तंत्रच आहे.

जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करनं आपल्या शहरालगत कारखाना काढण्यासाठी राज्य सरकारशी करार केला, तेव्हा हाच मित्र पेढे वाटत होता. त्या टोयोटाचीच गोष्ट त्याला ऐकवतो. शिगेओ शिंगो नावाच्या अभियंत्यानं तिथल्या हजार टनी प्रेसची डाय बदलण्याचं काम हातात घेतलं, तेव्हा त्याला चार तास लागत. ते त्यानं आधी दीड तासावर आणले, मग तीन मिनिटांवर. प्रेस चालू असतानाच जी तयारी होऊ शकते ती आधी उरकायची, आणि बंद यंत्रावर फक्त अटळ तेवढंच करायचं, ही त्यातली मेख. कामगाराचा दिवस त्यासाठी एका मिनिटानंही लांबवावा लागला नाही. जपान म्हणजे कामगारांचा स्वर्ग असं माझं म्हणणं नाही. कामाच्या अतिरेकानं येणाऱ्या मरणाला त्या भाषेत स्वतंत्र शब्द आहे. पण टोयोटाचं नाव झालं ते या तीन मिनिटांसारख्या गोष्टींमुळे.

वाढलेला तास आधीच्या तासाइतका माल देतो, हेही खरं नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांतून तासांची आणि मालाची काटेकोर नोंद झाली. देशावर संकट होतं, कामचुकारपणाचा प्रश्न नव्हता. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ जॉन पेन्कावेल यांनी २०१४ मध्ये ती नोंद पुन्हा तपासली. आठवड्याला साधारण ४९ तासांपर्यंत तासांच्या प्रमाणात माल वाढत होता. पुढे वाढीचा वेग मंदावत गेला, आणि ७० तास राबणाऱ्यांचा माल ५६ तासवाल्यांपेक्षा फारसा जास्त नव्हता. म्हणजे वरचे चौदा तास जवळपास वाया. मूर्तींचा आकडा नेमका तोच, ७०. प्रेसशॉपमध्ये अकराव्या तासाला रिजेक्शन वाढतं, हे कुठल्याही सुपरवायझरला विचारा. कधी कधी प्रेसखाली बोट जातं, ते रिजेक्शनच्या रजिस्टरात धरत नाहीत.

मित्राचं यावर ठरलेलं उत्तर आहे. "यंत्रात कर्ज काढून पैसा घातलाय. ते चोवीस तास फिरलं पाहिजे." अगदी बरोबर. पण चोवीस तास यंत्र फिरवायला बारा तासांचा माणूस कशाला हवा? आठ आठ तासांच्या तीन पाळ्यांतही ते चोवीस तासच फिरतं. बाराच्या दोन पाळ्यांत एक मिनिटही जास्त फिरत नाही. फरक पडतो तो यंत्राच्या पलीकडे, हजेरीपटावर.

इथं बारा तासवाले म्हणतात, आठवड्याचे ४८ तास कायमच आहेत, चार दिवस काम केलं की तीन दिवस सुटी. ऐकायला गोड आहे. मग हिशेब करू. सहा दिवस यंत्र अखंड चालवायचं म्हणजे १४४ तास. माणशी ४८ तास धरले तर माणसांचे तीन संच लागतात, मग पाळी आठची असो की बाराची. म्हणजे वचन प्रामाणिकपणे पाळलं तर मालकाचा एकही माणूस वाचत नाही. मग एवढा आटापिटा कशासाठी? उत्तर शेजारच्या आकड्यात आहे. तिमाहीला १४४ तास ओव्हरटाइम. त्याला बारानं भागा. बारा दिवस येतात, आणि तिमाहीत आठवडे असतात तेरा. म्हणजे जवळपास दर आठवड्याला बारा तासांचा आणखी एक पुरा दिवस. चार दिवसांच्या आठवड्याचा पाचवा दिवस कायद्यातच मावला. आठवडा साठ तासांच्या आसपास गेला आणि तिसऱ्या संचातल्या बऱ्याच जणांची गरज संपली. कामगाराची लेखी संमती हवी आणि ओव्हरटाइमला दुप्पट दर हवा, हे कायद्यात आहेच, आणि ते चांगलं आहे. पण ठेकेदाराकडून आलेला पोरगा, ज्याचा गेटपास महिन्याच्या महिन्याला नवा होतो, तो त्या संमतीच्या कागदावर "नाही" लिहील, असं मनापासून वाटतं का?

आणि हे आपण अशा जिल्ह्यात बोलतोय, जिथं आयटीआय झालेली पोरं रांजणगाव शेणपुंजीच्या खोल्यांत चौघं चौघं राहून गेटवर उभी असतात. माणसं मिळत नाहीत ही तक्रार आणि दोन पाळ्यांत भागवायचा आग्रह, ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडून येतात तेव्हा एक तरी खोटं असतं.

दुसरं कलम, कामगारच ओटी मागतो. मागतो, खरंच मागतो. पण का मागतो ते वाळूजपेक्षा पैठणला जास्त स्पष्ट दिसतं.

पैठणीच्या मागावर घड्याळाची सक्ती नाही. विणकर आपल्या घरात, आपल्या मागावर बसतो, मजुरी नगावर मिळते. पदरावरचा मोर किंवा मुनिया विणताना प्रत्येक रंगाच्या धाग्याची वेगळी तिल्ली हातानं आत-बाहेर करायची आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवायची. म्हणून खरी पैठणी उलट बाजूनंही सुलटीसारखीच दिसते. दाट नक्षीच्या पदरावर दिवसभराचं काम बोटांच्या पेरांनी मोजावं लागतं. साध्या साडीला महिना पुरतो, भरगच्च साडीला वर्षही जातं. इथं मित्राचं पहिलं कलम बरंचसं खरं ठरतं, कारण हातमागावर तास म्हणजेच कापड. आज दोन तास कमी बसलं तर साडी दोन तासांनी मागे पडते. तंत्रानं आखलेली रेघ इथं डोळ्यांना दिसते. त्या रेघेवर कुठं उभं राहायचं, जास्त कापड घ्यायचं की जास्त वेळ, हे विणकरानं ठरवायचं.

पण ठरवायला त्याच्या हातात काय असतं? दर कमी असेल, धाग्याची उचल डोक्यावर असेल, तर तो डोळे दुखेपर्यंत बसतो. त्याला बसायची आवड आहे असा निष्कर्ष काढणारा माणूस उपाशी माणसाला खादाडही म्हणेल. दर बरा मिळाला की तोच विणकर दिवे लागायच्या आत माग सोडतो, पोराच्या शाळेत जातो, नाथांच्या मंदिरात कीर्तनाला बसतो. तासाची किंमत वाढली की माणूस काही तास स्वतःसाठी ठेवून घेतो. जर्मनीत माणूस वर्षाला सरासरी साडेतेराशे तासांच्या आसपास काम करतो, आपल्याकडे दोन हजारांच्या वर. जर्मन जातीचे आळशी आहेत, असं मित्रसुद्धा म्हणत नाही. त्याच्या शॉपमधलं सगळ्यात चांगलं यंत्र जर्मन आहे. ओटीची मागणी म्हणजे आठ तासांचा पगार घर चालवायला पुरत नाही, याची रोज सहीनिशी मिळणारी पावती आहे.

फुरसत मोजताना आणखी एक गोष्ट हिशेबात धरत नाहीत. जायकवाडीचा नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर असूनही आपल्या शहरात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं कुणीतरी अडकतं, मोटर लावा, ड्रम भरा, टाकी बघा. तो दिवस कुणाच्या हजेरीपटावर नसतो, आणि बहुतेक घरांत तो बाईचा जातो. बारा तासांच्या पाळीचा नवरा, वर वाळूजहून जायचा-यायचा वेळ, म्हणजे घरातलं सगळं तिच्या अंगावर. बायकोकडे किती वेळ बघणार, हा प्रश्न विचारणाऱ्यानं बायको त्या वेळात काय करत होती, हेही विचारायला हवं होतं.

तिसरं कलम सगळ्यात फसवं, कारण त्यात आशा आहे. यंत्रं येऊ देत, फुरसत मागोमाग येईल. १९३० मध्ये अर्थतज्ज्ञ केन्सनं लिहिलं होतं की शंभर वर्षांत माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. १९३० अधिक शंभर म्हणजे दाराशी आलं. उत्पादनाच्या बाबतीत त्याचा अंदाज फारसा चुकला नाही, श्रीमंत देश त्यानं म्हटलं तेवढे श्रीमंत झाले. पंधरा तास मात्र कुठंच आले नाहीत.

आपल्याच इतिहासातला दाखला घ्या. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी दिवस सूर्य ठरवायचा. अंधार पडला की धागा दिसायचा नाही, गिरणी थांबायची. मग विजेचे दिवे आले. डोळ्यांना सोय, धूर नाही, आगीची भीती कमी. मित्राच्या हिशेबानं कामगाराचा दिवस हलका व्हायला हवा होता. झालं उलटं. १९०५ च्या सुमाराला गिरण्या दिव्यांच्या उजेडात चौदा-पंधरा तास चालू लागल्या. दिव्यानं रेघ पुढे सरकवली, आणि सरकलेली सगळी जागा मालकांनी मालानं भरून टाकली. कामगारांचा असंतोष उफाळला, सरकारला चौकशी समिती आणि आयोग नेमावे लागले, तेव्हा कुठं १९११ च्या कायद्यानं कापड गिरण्यांतल्या पुरुषांचा दिवस १२ तासांवर बांधला. त्यानंतर १९२२ मध्ये ११, १९३४ मध्ये १०, आणि १९४६ मध्ये दिवसाचे ९, आठवड्याचे ४८. ही शेवटची दुरुस्ती आली तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. रविवारची सुटीही यंत्रातून गळून पडलेली नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १८९० मध्ये रविवार मिळाला. पस्तीस वर्षांत एकेक तास करून १२ वरून ९ वर आणलेला दिवस आपण एका बैठकीत परत १२ वर नेला, आणि त्याला सुधारणा म्हणतो.

आपल्या शहरातल्या हिमरू कापडाची गोष्ट याच्याही पुढची आहे. हिमरूच्या जुन्या मागाला दोन माणसं लागायची. एक खाली विणणारा, दुसरा नक्षीच्या जाल्याचे दोर ओढणारा. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांचं जकार्ड आलं आणि दोर ओढणाऱ्याचं काम पुठ्ठ्यांनी घेतलं. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात याला श्रमाची बचत म्हणतात. पण वाचलेला वेळ दोघांत वाटला गेला नाही. एकाचे तास होते तेवढेच राहिले आणि दुसऱ्याचा रोजगार गेला. यंत्र वाईट होतं असं मी म्हणत नाही. जात्यावरच्या ओव्या कितीही गोड असल्या तरी पहाटे उठून दळायला परत बसा, असं कुठल्याही बाईला सांगायची माझी हिंमत नाही. यंत्र हवंच. प्रश्न एवढाच की यंत्रानं मोकळा केलेला तास कुणाच्या खात्यावर जमा होतो. यंत्राला ते ठाऊक नसतं. ते करार ठरवतो, कायदा ठरवतो, संघटना ठरवते.

या शहरात राहून हे विसरणं अवघड आहे. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यातली पाणचक्की आपण पाहुण्यांना कौतुकानं दाखवतो. दूर डोंगराकडच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून खेळवत आणलं, उंचीवरून सोडलं, आणि त्याच्या जोरावर जातं फिरवलं. दर्ग्यातल्या फकिरांना आणि वाटसरूंना पुरेल एवढं पीठ त्यातून निघायचं. पाण्यानं दळलं म्हणून आता फकिरांनी दुप्पट दळावं, असं त्या काळी कुणाला सुचलं नाही. पीठ पुरेसं होतं. उरलेला वेळ त्यांचा होता. इथून थोड्या अंतरावर मिलिंद महाविद्यालय आहे, १९५० मध्ये बाबासाहेबांच्या संस्थेनं काढलेलं. त्या आणि नंतरच्या कॉलेजांच्या वर्गांत पाळी संपवून आलेली कितीतरी पोरं शिकली. बारा तासांची पाळी, जायचा-यायचा वेळ आणि पाण्याचा दिवस धरला तर आजचा वाळूजचा पोरगा कुठल्या वेळी पुस्तक उघडणार?

मग मित्रानं करायचं काय? माल वाढवू नको असं मी त्याला कधीच म्हटलं नाही. म्हटलं, आधी एक वही घे. आठवडाभर यंत्र कधी थांबलं, का थांबलं, किती वेळ थांबलं, एवढंच लिही. डाय बदलताना, वीज गेल्यावर, पत्रा वेळेवर न आल्यानं, सेटर नसल्यानं. त्या वहीतले निम्मे तास परत मिळवलेस तर बारावा तास मागायची वेळ येणार नाही. मग त्या वाढलेल्या मालातून काय आठ तासांचा दर वाढवायला द्यायचं आणि काय कर्ज फेडायला, ते कामगारांसमोर बसून ठरव. संमती घ्यायचीच तर ती तिथं घे.

त्यानं हसून वही ठेवली. वाद घालून तो हरत नाही, पण आकड्यांवर त्याची श्रद्धा आहे. पंधरा दिवसांनी फोन आला. "अरे, तुझी वही. रात्रपाळीत एका आठवड्यात यंत्रं बंद राहिली ते एकूण तास, बारा तास करून मला जे जास्त मिळणार होते त्याच्या जवळपास आहेत." थोडा थांबून म्हणाला, "पण ओटी ती पोरंच मागतात रे."

मी त्याला वहीचं दुसरं पान काढायला सांगितलं. त्यावर लिहायचं, ती पोरं ओटी का मागतात. ते पान अजून कोरं आहे. शेतकऱ्याच्या बोलीत तास म्हणजे औतानं शेतात काढलेली ओळ. किती तास झाले हे जमीन आणि औत बघून मोजतात, बैलाला किती वेळ उभं केलं त्यावर मोजत नाहीत. माझा मित्र गंगापूरच्या शेतकऱ्याचा मुलगा आहे. त्याला हे मी शिकवायची गरज नव्हती.